परदेशातले नाते, घरातले कर्ज आणि सुरक्षा-पडताळणी

सुरतच्या डिंडोली भागात खानदेशातून, म्हणजे धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून, येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांच्यातील एखाद्या तरुणाची केंद्रीय पोलिस दलात किंवा काकरापारच्या अणुऊर्जा केंद्रासारख्या संरक्षित ठिकाणी निवड झाली, की लेखी परीक्षेनंतरची आणखी एक परीक्षा त्याच्यापुढे उभी राहते. लोक तिला ‘पोलिस व्हेरिफिकेशन’ म्हणतात; सरकारी भाषेत ती चारित्र्य व पूर्वेतिहास पडताळणी होय. तिच्यासाठी भरावयाच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे उमेदवाराने स्वतः सही करून दिलेल्या माहितीपत्रात, आई, वडील व जोडीदार यांचे राष्ट्रीयत्व विचारलेले असते आणि मुले परदेशी शिकत वा राहत असल्यास त्यांचाही तपशील मागितलेला असतो.

परदेशी नातलग असणे हा गुन्हा नाही आणि कर्ज असणे हाही नाही, मग राज्यसंस्था या खासगी गोष्टी का विचारते, याचे उत्तर गुपिते कशी फुटतात यात आहे. अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स याने 1985 मध्ये घटस्फोटानंतरच्या कर्जाच्या ओझ्याखाली सोव्हिएत हेरखात्याला माहिती विकण्यास आरंभ केला. पुढे त्याने 5,40,000 डॉलरचे घर रोखीने घेतले, आणि तरीही तो 1994 पर्यंत पकडला गेला नाही. पैशाची निकड माणसाला विकत घेऊ देते, तर परक्या सरकारच्या हाती असलेले आईवडील किंवा भावंडे त्याला धमकावण्याचे साधन ठरू शकतात. पडताळणी करणारा या दोन दुव्यांचाच शोध घेतो.

अमेरिकेत गोपनीय माहिती हाताळण्याच्या परवानगीसाठी जून 2017 पासून लागू असलेल्या 13 निकषांत ‘परकीय प्रभाव’ आणि ‘आर्थिक स्थिती’ हे दोन स्वतंत्र निकष आहेत. त्यामुळे अशी परवानगी मागणाऱ्या, तेथील नागरिकत्व घेतलेल्या मराठी अभियंत्याला पुण्यातील आईवडील, तेथील सदनिका आणि भारतीय बँकेतील ठेवी यांची माहिती द्यावी लागते. मात्र नाते कोणत्या देशाशी आहे, मालमत्ता एकूण संपत्तीच्या मानाने किती आहे, नव्या देशात मुळे किती खोल गेली आहेत, हेही तोलले जाते. आजारपण किंवा नोकरी गेल्यामुळे झालेले कर्ज प्रामाणिकपणे फेडणाऱ्याच्या बाजूने ती फेड धरली जाते. नकार मिळाल्यास कारणे कळतात व दाद मागता येते, आणि ही या व्यवस्थेची खरी थोरवी होय.

भारतात असे एकत्रित निकष नागरिकासमोर नाहीत; ते वेगवेगळ्या नियमांत विखुरलेले आहेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 यातील नियम 17 सवयीच्या कर्जबाजारीपणापासून दूर राहण्यास आणि कर्जवसुलीचा दावा दाखल झाल्यास तो ताबडतोब कळविण्यास सांगतो, 18-अ परदेशातील स्थावर मालमत्ता घेण्यासाठी पूर्वपरवानगी मागतो, तर नियम 21 नुसार परदेशी व्यक्तीशी विवाह झाल्यास तो सरकारला लगेच कळवावा लागतो. या सर्वांत समान धागा आहे तो कळविण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग खटल्यात, 21 जुलै 2016 रोजी, फौजदारी प्रकरणांविषयी बोलताना हेच अधोरेखित केले की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असलीच पाहिजे, मात्र क्षुल्लक बाब लपविली गेली असल्यास नियुक्ती करणारा अधिकारी ती परिस्थिती पाहून माफ करू शकतो.

डिंडोलीतील कुटुंबांना यात एक अडचण विशेष जाणवते. परदेशात कोणी नसले तरी घर दोन राज्यांत विभागलेले असते, भाड्याच्या खोल्या बदललेल्या असतात, आणि नमुन्यात तर मागील 5 वर्षांत एका वर्षाहून अधिक काळ जेथे राहिले त्या प्रत्येक ठिकाणाचा पत्ता व कालावधी विचारलेला असतो. म्हणून अर्ज भरताना उमेदवाराने वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून गावाचे नाव, तालुका, पोलिस ठाणे आणि खोल्यांच्या तारखा पडताळून घ्याव्यात, आणि दुबईत किंवा इतरत्र जोडीदार वा मूल असल्यास तेही निःसंकोच लिहावे.