‘केंब्रिया’ : बोट वाचली, हुन्नरही वाचला

शिडाच्या गलबतातून माल कसा जातो, हे कोकणच्या बंदरांतील आमच्या वाचकांना सांगायला नको. त्यांच्यापुढे इंग्लंडमधील एका मालवाहू बोटीची हकिकत ठेवीत आहोत.

‘केंब्रिया’ 1906 साली केंट परगण्यातील ग्रीनहाइथ येथे बांधली गेली. लांबी सुमारे 91 फूट. तळ सपाट असल्याने ओहोटीला ती खाडीच्या चिखलात सरळ बसे व तेथेच माल उतरवता येई. मोठे शीड एका लांब तिरक्या वाशाने ताणलेले असे. ते खाली न उतरवता दोरांनी डोलकाठीकडे आवळून घेता येई. त्यामुळे शंभराहून अधिक टन माल तांडेल आणि एक मदतनीस, असे दोघेच नेत. ओझे मोठे, मजुरी थोडी, हेच तिच्या धंद्याचे गणित.

विसाव्या शतकाच्या आरंभी टेम्सच्या परिसरात अशा दोन हजारांहून अधिक बोटी होत्या. इंजिनाच्या बोटी आणि ट्रक यांनी त्यांचा धंदा घेतला. बॉब रॉबर्ट्स यांच्या ‘केंब्रिया’ने 1970 साली शेवटची खेप केली. केवळ शिडावर माल वाहणारी ब्रिटनची ती शेवटची बोट ठरली.

पुढे ती जतनासाठी घेतली गेली व लंडनच्या गोदीत लोकांना पाहण्यासाठी ठेवली गेली. काम सुटले आणि लाकूड कुजू लागले. 1996 साली हौशी मंडळींच्या केंब्रिया ट्रस्टने ती अवघ्या एका पौंडाला घेतली. खरा खर्च पुढेच होता. पैसा उभा करण्यातच दहा वर्षे गेली. अखेर राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून मोठी रक्कम मिळाली. फेव्हरशॅमच्या धक्क्यावर बरेचसे लाकूड नव्याने बसवून 2011 साली ती पुन्हा पाण्यात गेली.

आम्हास महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढची. या कामावर तरुण उमेदवार घेतले गेले आणि जाणत्या सुतारांच्या हाताखाली तयार झाले. नंतर बोटीवर तरुणांना शिडाची विद्याही शिकविली गेली.

नुसती शोभेला ठेवलेली बोट कुजली. हातांना काम देणारी बोट तगली. आमच्या कारागीर बंधूंनीही आपली हत्यारे जपावीत. पण त्याआधी ती चालविणारा एक शागिर्द तयार करावा.