आपल्या भूमीच्या पोटांतील थर

जमिनीची प्रत ठरवितांना ती किती खोल पाहिली गेली, हें पुष्कळ शेतकरी बंधूंस ठाऊक नसतें. आम्हीं महसुली दप्तरांत कारकुनी केली, म्हणून सांगतों. गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालानें जे नियम कायम झाले, त्यांत मातीची खोली पावणेदोन हातांपर्यंतच मोजीत. तेवढी खोल व बारीक काळी माती असली म्हणजे सोळा आणे. मग चुनखड, रेती, उतार, पाण्याची उपळ असे दोष पाहून आणे कमी होत. त्याखालीं काय आहे, हें विचारण्याचें सरकारास कारण नव्हतें. विहीर खणणारास मात्र आहे.

प्रथम शब्दांचे अर्थ. ठराविक घटकांचा निसर्गनिर्मित घन पदार्थ तें खनिज. खनिजें एकत्र येऊन खडक होतो. खडक ऊन, हवा व पाणी यांनीं कुजला म्हणजे मुरूम. मुरूम आणखी झिजून त्यांत पालापाचोळा मिसळला म्हणजे माती. तप्त रस थिजून झालेला खडक अग्निज, गाळ दाबला जाऊन झालेला स्तरित, व उष्णता आणि दाब यांनीं पालटलेला रूपांतरित. आपल्या जिल्ह्यांत बहुतेक सर्वत्र पहिलीच जात, म्हणजे बसाल्ट. आपला काळा पाषाण तोच.

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला, व तोही एकदांच नव्हे. एक थर पसरे, निवे, उघडा पडून झिजे. मग त्यावर दुसरा येई. साल्हेरच्या व चांदवडच्या डोंगरांवर ज्या पायऱ्या दिसतात, त्या ह्याच थरांच्या. किल्लारीस १९९३ च्या भूकंपानंतर भोंक पाडलें, तेव्हां हे थर ३३८ मीटरांवर संपले. कोयनेस सुमारें सव्वा किलोमीटर जावें लागलें.

थराचा मधला भाग घट्ट असतो. वरच्या भागांत वायूचे बुडबुडे अडकून छिद्रें राहिलीं व पुढें बहुतेकांत पांढरे स्फटिक भरले, हाच मांजऱ्या. त्याचीं छिद्रें पाहून पुष्कळजण भुलतात, पण तीं एकमेकांस मिळालेलीं नसतील तर पाणी देत नाहींत. पाणी राहतें तें कुजलेल्या भागांत, फटींत व दोन थरांच्या सांध्यांत. सांध्यांत पुष्कळदां तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो पाणी सहसा खालीं जाऊं देत नाहीं, म्हणून पाझर त्याच्या माथ्यावर पहावा.

भूमीखालून नदी वाहते ही समजूत येथें खरी नव्हे. फट शेजाऱ्याच्या गटांत असेल, आपल्या नसेल; त्यास दोनशें फुटांवर पाणी लागलें म्हणून आपणांस लागेलच असें नाहीं. द्राक्षबागेसाठीं कर्ज काढून एकाच गटांत चार चार कूपनलिका पाडणारे आम्हीं पाहिले आहेत. तिहींतून नुसता धुरळा आला. शिवाय खोल फटींतलें पाणीही वरूनच मुरलेलें असतें, म्हणून नवी कूपनलिका कधीं कधीं शेजाऱ्याची विहीरच आटविते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमांत ६० मीटरांहून अधिक खोलीची ती खोल विहीर, अशी व्याख्या आहे.

तळहातावर नारळ उभा करणारास बिदागी देण्याऐवजीं उन्हाळ्यांत आसपासच्या चारपांच विहिरींत डोकवावें. मुरूम किती हातांवर सरला, तांबडा पट्टा कोठें आहे, ओल कोणत्या बाजूनें येते, हें लिहून घ्यावें. तो कागद घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नाशिकच्या कार्यालयांत जावें.