गाडी तापते तेव्हा आधी वेळ पाहा, मग पाना उचला

आमच्या कापडाच्या धंद्यात गाडी म्हणजे अर्धे दुकान. मालेगावचा माल भिवंडीला जातो, येताना सुताची पोती येतात आणि मध्ये कसारा घाट लागतो. रिकामी गाडी घाट सहज चढते. भरलेल्या गाडीची खरी परीक्षा तिथेच होते.

सन २०१२ च्या मे महिन्यात आमची जुनी डिझेल जीप याच घाटात बसली. त्याआधी दोन महिने ती तापतच होती. एका मिस्त्रीने वॉटर पंप बदलला, दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून फेकला. पैसे दोघांना दिले, पण गाडी नेमकी केव्हा तापते हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. त्या दिवशी घाटात काटा वर गेला. ड्रायव्हर थांबू म्हणाला, आम्ही म्हणालो, इगतपुरी आता किती दूर? थोड्या वेळाने काटा आपोआप खाली आला आणि आम्ही खूश झालो. पण पाणी संपले होते. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो, कोरडा पडला की काटा खोटे बोलू शकतो. पुढच्या चढावर इंजिन बंद पडले. गॅस्केट जळाले, हेड वाकले. त्या फेरीचा नफा तर गेलाच, पुढच्या तीन महिन्यांची कमाईही त्यात गेली.

म्हणून व्यापारी बंधूंना सांगतो, गाडी तापणे हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. रोग कोणता हे बहुधा तापण्याच्या वेळेवरून कळते.

पाणी फिरते कसे?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बरीचशी उष्णता पाणी उचलते. पंप ते पाणी रेडिएटरमध्ये ढकलतो, तिथे वाऱ्याने ते थंड होऊन परत येते. थर्मोस्टॅट हा मधला दरवाजा. इंजिन थंड असताना तो बंद राहतो आणि साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळते, पण झाकणाने सुमारे एक बार दाब धरला तर ते १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर सैल झाले की हा फायदा जातो. झाकण ही स्वस्त वस्तू आहे, ती आधी तपासावी.

केव्हा तापते?

ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि चालू लागली की उतरते, तर संशय पंख्यावर घ्यावा. गाडी धावताना वारा मिळतो, उभी राहिली की पंख्याचाच आधार असतो. विजेचा पंखा असेल तर फ्यूज, रिले आणि मोटर पाहावी. बऱ्याच मोटारींत एसी लावताच पंखा फिरतो. एसी लावल्यावर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटर ठीक आहे, दोष सेन्सरकडे किंवा वायरिंगमध्ये असावा. पट्ट्यावरचा पंखा असेल तर पट्टा सैल आहे का ते पाहावे.

गावात ठीक, पण चढावर किंवा भरल्या मालाने तापते, तर पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटर पुरेसे थंड करत नाही असे समजावे. आमच्या जीपचा रोग हाच होता. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी टाकले, त्यातल्या क्षारांनी आतल्या नळ्या बुजल्या. बाहेरून जाळीत धूळ आणि मागाच्या गल्लीतली रुई बसली होती ती वेगळीच. पंपाची झिजलेली पाती, दबून चपटा होणारा खालचा होज पाइप किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट यांनीही असेच होते.

सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत तापते, तर आधी थंड इंजिनात पाण्याची पातळी पाहावी. पातळी ठीक असूनही काटा वर चढला आणि वरचा होज पाइप थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा किंवा आत हवा कोंडली असावी. थर्मोस्टॅट बदलावा, कायमचा काढून टाकू नये. तो नसला की इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, इंधन जास्त जाते, झीज वाढते आणि मूळ दोष तसाच राहतो.

पाणी वरचेवर कमी होते, तर रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवावा. सकाळी डाग दिसला तर गळती होज, पंप किंवा रेडिएटरची आहे. डाग नाही, पण पाणी घटते, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, ऑइलला दुधाळ रंग येतो किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे उठतात, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. अशी गाडी चालवू नये.

रस्त्यात काय करावे?

काटा लाल रेषेकडे निघाला की एसी बंद करावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. लगेच थांबणे शक्य नसेल तर हीटर पूर्ण चालू करावा, थोडी उष्णता तिकडे निघते. थांबल्यावर इंजिन बंद करावे. गरम झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर येते. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा होज हाताला सोसेल इतका निवला की जाड फडके ठेवून झाकण हळूहळू फिरवावे. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो.

पाण्याऐवजी कंपनीने सांगितलेले कूलंट वापरावे. ते घट्ट स्वरूपात मिळाले तर डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. निरनिराळ्या जातीचे कूलंट एकत्र करू नये.

आम्ही आता गाडीत एक छोटी वही ठेवतो. काटा वर गेला की ड्रायव्हर लिहितो : कुठे, किती मालावर, चढावर की उभी असताना, एसी चालू की बंद, नंतर पाणी किती घालावे लागले. मिस्त्रीकडे जाताना ती वही आधी पुढे करतो, मग गाडी. दुकानाचा हिशेब आपण अंदाजाने ठेवत नाही, मग इंजिनाचाच का ठेवावा?