बाप्तिस्मा माझा, बाळ पोटात : तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं

आधी एक गंमत. आम्ही पॉडकास्टवाले ऊठसूट 'मंडळी, मंडळी' करत असतो. मराठी बायबलमध्ये 'मंडळी' म्हणजे चर्च, विश्वास ठेवणाऱ्यांचा समुदाय. त्यामुळे आजच्या एपिसोडपुरता हा शब्द अगदी अस्सल.

मागच्या एपिसोडमध्ये मी ओझरतं बोलून गेले की ईस्टरच्या आदल्या रात्री मी बाप्तिस्मा घेतला आणि मला सातवा महिना होता. त्यावर इतके व्हॉइस मेसेज आले की उत्तर देणं भाग आहे. कुणी विचारलं, "बाळाचाही आपोआप झाला का?" कुणी, "सासरच्यांनी करायला लावलं ना?" आणि एका ताईंनी फक्त एवढंच, "तुझी आई काय म्हणाली?" त्या शेवटच्या प्रश्नाकडे येईन, जरा वेळ द्या.

आधी सासरचं. मी नगरची, हिंदू घरातली. नवरा वसईचा, कॅथलिक. सासूबाई घरात कादोडी बोलतात, माझ्याशी मराठी. लग्न पाच वर्षांपूर्वी विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर पद्धतीने झालं. १९५४ चा हा कायदा धर्म बदलायला सांगत नाही आणि सासरीही कुणी विषय काढला नाही. उलट मी जेव्हा म्हटलं, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय," तेव्हा फादर म्हणाले, "घाई कसली? एक वर्ष या, ऐका, प्रश्न विचारा, मग बघू." लोकांना वाटतं, गेलं, डोक्यावर पाणी ओतलं, झालं. तसं नसतं. मोठ्या माणसाला आधी दीक्षार्थी म्हणून तयारी करावी लागते. सुरुवातीच्या शतकांत ही पद्धत होती, मग मागे पडली आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये, प्रौढांसाठीचा विधी पुन्हा नीट मांडला गेला. मी दर रविवारी मिस्सानंतर एक तास बसायचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं लेखन मी त्याच काळात वाचलं. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते. इतकं सोपं मराठी वाचून मला माझ्या शाळेतल्या मराठीच्या तासाची आठवण यायची. शाळेत मला मराठी शिकवायला माझी आईच होती, हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि तयारीच्या मध्यात कळलं की मी गरोदर आहे.

आता मुख्य गोष्ट. बाप्तिस्मा म्हणजे नक्की काय? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, सहाव्या अध्यायात, ते असं समजावतो की पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर नवं जगणं. म्हणजे ही नुसती अंघोळ नाही, एका अर्थी मरण आहे. मला हे पहिल्यांदा ऐकून दचकायला झालं होतं. पोटात बाळ आणि मी मरणाचं काय ऐकतेय! पण मग योहानाच्या शुभवर्तमानातला निकदेम भेटला. येशू त्याला नव्याने जन्म घ्यायला सांगतो आणि हा विद्वान माणूस गोंधळून विचारतो, म्हातारा झालेला माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा शिरणार? सगळ्यांना या प्रश्नाचं हसू येतं. मला नाही आलं. सहाव्या महिन्यात, बाळ आतून लाथा मारत असताना हा प्रश्न वाचून बघा. पोटात असणं म्हणजे काय, हे मी रोज बघत होते. पाण्यात तरंगणारं, पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून असलेलं, आणि बाहेर काय आहे याची कल्पनाही नसलेलं एक माणूस. मला वाटलं, विश्वास ठेवायला निघालेली मी याहून फार वेगळी नाहीये.

तो विधी रात्रीचा असतो. चर्चमधले सगळे दिवे बंद. बाहेर शेकोटी पेटवतात, तिच्यावर ती मोठी पास्काची मेणबत्ती, आणि मग एकेकाच्या हातातली छोटी मेणबत्ती पेटत जाते. जुन्या करारातली वाचनं होतात. जग निर्माण झालं ती कथा असते आणि तांबड्या समुद्रातून लोक पार होतात ती तर असतेच असते. म्हणजे पाणी, पाणी आणि पाणी. मग सैतानाला नाकारता का, विश्वास ठेवता का, असे प्रश्न. ती उत्तरं माझी मीच द्यायची. शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावं घेत डोक्यावर तीनदा पाणी. मग पांढरं वस्त्र, कपाळाला तेल म्हणजे दृढीकरण, आणि त्याच रात्री पहिलं ख्रिस्तशरीर. पाणी गार होतं. पहिली धार पडली आणि बाळाने अशी जोरात उडी मारली की मी "आई गं" म्हटलं. माझी धर्ममाता शेजारी हसत होती.

(कुणीतरी विचारलंय, गरोदर बाईने गार पाणी चालतं का. अहो, दोन तांबे पाणी! 'डिडाखे' नावाचं अगदी आरंभीच्या ख्रिस्ती काळातलं एक छोटं पुस्तक आहे. त्यात वाहतं गार पाणी उत्तम, नसेल तर कोमट चालेल, तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता, असं म्हटलंय. माणसं तेव्हाही व्यवहारीच होती.)

मग बाळाचा बाप्तिस्मा आपोआप झाला का? नाही. आणि हा प्रश्न तुम्हालाच पडला असं समजू नका. आजच्या तुर्कस्तानात निओकैसरिया नावाचं गाव होतं, तिथे चौथ्या शतकाच्या सुरुवातीला धर्मगुरूंची परिषद भरली. तिच्या सहाव्या नियमात म्हटलंय की गरोदर बाईला हवं तेव्हा बाप्तिस्मा घेता येईल, कारण त्यात ती बाळाला काही देत नाही, विश्वासाचं बोलणं ज्याचं त्याचं. सतराशे वर्षांपूर्वी! हे वाचलं त्या दिवशी मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं.

पण इथेच माझी अडचण सुरू होते. विश्वास ज्याचा त्याचा, तर मग आम्ही बाळाला दोन महिन्यांचं असताना चर्चमध्ये का नेणार? कॅथलिक पद्धतीत पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा देतात. बाळाच्या वतीने आईवडील आणि धर्ममातापिता बोलतात. त्यामागचा विचार असा की कृपा ही आधी मिळते, ती आपण कमावत नाही. बाळ आईचं दूधही कमावत नाही. मोठं झाल्यावर दृढीकरणाच्या वेळी ते स्वतः हो म्हणतं. बॅप्टिस्टांसारखे पंथ मात्र म्हणतात, समजून उमजून स्वतः मागेल तेव्हाच द्या. आमच्या नगरमध्ये मिशनच्या काळापासून प्रॉटेस्टंट लोक आहेत. १९७० साली अनेक पंथ एकत्र येऊन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने तर दोन्ही पद्धती चालतील असं ठरवून टाकलं.

मी एकोणतीस वर्षांची होईपर्यंत थांबले आणि मला स्वतः निवडता आलं. ते सुख मी माझ्या बाळाकडून काढून घेतेय का? नवरा म्हणतो, "तू त्याला मराठी शिकवणार, ते विचारून शिकवणार का?" हुशार उत्तर आहे, पण माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मनोरमेलाही बरोबर दिला. ती दोन-अडीच वर्षांची होती. आईबरोबर पोरगी, हिशेब साधा. आम्हीही करणार आहोत, ऑगस्टमध्ये. शंका ठेवून करणार आहोत, एवढं प्रामाणिकपणे सांगते.

आता त्या ताईंचा प्रश्न.

आईला मी सातव्या महिन्याच्या डोहाळजेवणाच्या दिवशी सांगितलं. चुकीचा दिवस, मान्य. हिरवी साडी, फुलांचे दागिने, बायका गेलेल्या, आणि ती माझ्या केसातले गजरे सोडवत होती. ती ओरडली नाही. ती मराठीची शिक्षिका, 'स्मृतिचित्रे' तिने किती वर्षं शिकवलंय. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला न विचारता. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परतल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. सगळे नेहमी टिळकांची बाजू सांगतात. आई गजरा ताटात ठेवून म्हणाली, "म्हणजे तू टिळक झालीस आणि मला लक्ष्मीबाई केलंस. फक्त मी मागून येणार नाहीये, हे लक्षात ठेव."

मी म्हटलं, "आई, मी तुला सोडून जात नाहीये."

"लक्ष्मीबाईंना पण हेच वाटलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

ईस्टरला ती आली नाही. बाबा आले, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले आणि मेणबत्तीचं मेण हातावर सांडून घेतलं. आईचा नंतर तीन आठवडे फोन नाही. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मी बॅग भरायची की नाही, हे मला कळत नव्हतं आणि विचारायची हिंमतही होत नव्हती. बाप्तिस्म्याने माणूस नवं होतं म्हणतात. माझं माहेर जुनंच राहावं, असं मला वाटत होतं.

मागच्या मंगळवारी फोन आला. 'कशी आहेस' वगैरे काही नाही. म्हणाली, "डिंकाचे लाडू वसईला पाठवू की तू येतेस?" मी म्हटलं, येते. मग म्हणाली, "बाराव्या दिवशी बारसं मी करणार. नंतर तुम्हाला काय पाणी ओतायचं ते ओता. पण नाव मराठी हवं."

मी फादरना विचारलं. नाव संताचंच हवं असं बंधन नाही.

हा एपिसोड नगरला जायच्या आदल्या रात्री रेकॉर्ड करतेय, बाहेर वसईचा पहिला पाऊस आहे, आवाज येत असेल तर समजून घ्या. पुढचा कधी येईल ते बाळावर.