मस्टँगचे पाटे

17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग लोकांपुढे आणली. लांब बॉनेट, आखूड पाठ. लोक रूपावर भाळले. खाली वाकून पाहणाऱ्याला मात्र फाल्कन या साध्या घरगुती गाडीचाच सांगाडा दिसला असता. मागे एकसंध अ‍ॅक्सल आणि त्याला ट्रकसारखे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग. ओझं वाहायला इतकी स्वस्त आणि चिवट वस्तू दुसरी नाही. पण ट्रक वळणावर शर्यत लावत नाही.

पुढे साठ वर्षं या आणि अशा गाड्यांवर जी खटपट झाली, ती बरीचशी या स्वस्ताईची भरपाई होती असं माझं मत आहे. इंजिनाच्या ताकदीच्या कथा फार रंगवल्या गेल्या. वळण जिंकून देणारं काम गाडीच्या पोटाखाली झालं.

त्यातलं सर्वांत देखणं काम माजी शर्यतपटू कॅरोल शेल्बीने मस्टँगवरून घडवलेल्या 1965 च्या जीटी 350 मध्ये दिसतं. पुढच्या चाकाला धरणाऱ्या वरच्या आर्मची बैठक एक इंच खाली घेतली. त्यासाठी पत्र्यात नवी भोकं पाडली, बस्स. या भूमितीमागचं गणित फोर्डचा अभियंता क्लाउस आर्निंग याचं. मूळ मस्टँग वळणावर कलली की बाहेरचं चाकही तिच्यासोबत बाहेर कलायचं आणि टायर कडेवर घासायचा. बैठक उतरल्यावर तेच चाक दाबलं जाताना वरच्या बाजूने आत झुकू लागलं, टायर रुंदीभर टेकून राहिला. शिवाय कोनीचे शॉकअब्सॉर्बर आणि जाड अँटी-रोल बार होते. गॅस दिल्यावर अ‍ॅक्सल पिळवटून पाट्यांना वाकडं करतो आणि चाक उड्या मारतं. त्याला आवरायला मागे दांडे जोडले. 14 फेब्रुवारी 1965 ला टेक्ससच्या ग्रीन व्हॅली ट्रॅकवर चालक केन माइल्सने ही गाडी पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवली. आणि 1966 मध्ये? खर्च वाचवायला कारखान्याने ती भोकं पाडणंच बंद केलं! हिशेबनीसाचा हात पत्र्यापर्यंत पोहोचतो तो असा.

1966 मध्ये ट्रान्स-अ‍ॅम ही शर्यतींची मालिका सुरू झाली. शेव्हरोलेची पहिली कॅमॅरो मागे एकेकाच पाट्यावर उभी होती आणि जोर लावला की थडथडायची. 1968 च्या गाडीत मागचा एक शॉकअब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढे, दुसरा मागे बसवून ती पिळवट आवरली. त्या वर्षी रॉजर पेन्स्केच्या संघासाठी मार्क डोनोह्यूने कॅमॅरो चालवत मालिकेतल्या 13 पैकी 10 शर्यती जिंकल्या. तो स्वतः पदवीधर अभियंता होता, हे विसरू नये.

सत्तरच्या दशकात विमा, प्रदूषणाचे नियम आणि तेलटंचाई यांनी अशा गाड्यांची जातच झोपवली.

मागची दोन्ही चाकं एकमेकांपासून मोकळी करायला फोर्डला बराच काळ लागला. 1999 च्या मस्टँग कोब्रात ते केलं, तर सरळ रेषेत शर्यत लावणाऱ्या कित्येकांनी ते उपटून पुन्हा जुना अ‍ॅक्सल बसवला, कारण सुटताना तोच खंबीर. 2015 च्या मॉडेलपासून सगळ्या मस्टँगची मागची चाकं मोकळी झाली, आणि 2016 मध्ये भारतात अधिकृतपणे आली ती हीच पिढी.

जुनी मस्टँग बाळगणारे आज पूर्ण पुढचा भाग कापून तयार किट बसवतात. मला ती घाई वाटते. आधी झिजलेले रबरी बुश, मग चांगले शॉकअब्सॉर्बर, मग आर्निंगचा एक इंच, आणि शेवटी नव्या रेडियल टायरला मानवेल अशी अलाइनमेंट, कारण फोर्डचे मूळ आकडे रेडियलपूर्व काळातल्या टायरसाठी होते. एवढ्यावर गाडी चांगली वळत असेल, तर करवत लावायचं कारण उरत नाही.