रोज तीन-चार अध्याय

प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. वर्षभरात संपवायचं तर रोज तीन-चार अध्याय. जानेवारीत जोश होता. फेब्रुवारीत ‘लेवीय’मधल्या अर्पणांच्या नियमांपाशी गाडी अडली. १३ दिवसांचा बॅकलॉग! शेवटी तो सोडला आणि त्या दिवसाच्या अध्यायांपासून पुढे निघाले.

मे महिन्यात ‘ईयोब’ आलं. सगळं गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस गप्प बसतात. मग उपदेश सुरू करतात आणि तिथंच चुकतात. मैत्रिणीचे बाबा गेले तेव्हा मीही ‘स्ट्राँग राहा’ एवढाच मेसेज टाकला होता. त्या संध्याकाळी तिच्या घरी गेले. बोलले काहीच नाही, नुसती बसले. निघताना ती म्हणाली, “उद्या येशील?”

त्या दिवसाचे अध्याय राहिलेच. राहू देत!