आधी जगणे, मग खण

घर बांधू पाहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न आज ‘किती चौरस फूट?’ असा असतो. मागच्या पिढ्या ‘किती खणांचे?’ असे विचारीत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. लाकूड न वाकता जेवढे अंतर पेलील तेवढाच तो रुंद. म्हणून या मापात सुताराचे शहाणपण साठलेले होते. मात्र खण किती आणि कशासाठी, हे कुटुंबाच्या गरजेने ठरे.

दगडी उथळ्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, अशी वाड्याची बांधणी असे. उथळ्यामुळे जमिनीची ओल लाकडात चढत नसे. मुख्य भार सांगाड्याने वाहिल्यामुळे आतली भिंत बव्हंशी आडोशापुरती उरे. ओसरी चौकाकडे सताड उघडी ठेवता येई. मुलाचे लग्न झाले की फळ्यांचा पडदा घालून एका खणाची खोली करता येई. तुळईला धक्का न लावता घर बदलत्या संसाराशी जुळवून घेई.

सांगाडा आणि भिंत यांतील हा भेद ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने भीषण रीतीने दाखवून दिला. दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्यावरचे मातीचे ओझे यांखाली हजारो माणसे चिरडली गेली. तथापि अनेक पडक्या घरांत लाकडी खण उभेच होते. भिंत हलकी हवी आणि सांगाड्याचे सांधे घट्ट हवेत, हा त्याचा अर्थ.

म्हणून जुन्या वाड्याची हुबेहूब नक्कल करावी काय? मुळीच नाही. वाडा त्या काळच्या जीवनाला साजेसा होता हे खरे. पण ते जीवन कोणाचे? ओसरीवरचा उजेड पुरुषांच्या वाट्याला आला आणि माजघराचा अंधार व चुलीचा धूर स्त्रियांच्या. घराचा आराखडा घरातील सत्तेचाही आराखडा असतो. नव्या घरात स्वयंपाकघराला सर्वांत चांगला वारा मिळाला नाही, तर सागवान कितीही उंची असले तरी ते घर जुनेच म्हणावे लागेल.

लाकडी घर बांधणाऱ्याने नकाशापूर्वी दिनक्रम लिहून काढावा हे उत्तम. पहाटे कोण उठते, मुले अभ्यासाला कोठे बसतात, वृद्धांना जिना चढवतो काय, पाहुणा वर्षातून किती दिवस राहतो? लाकडी सांगाड्यात पडदे हलतात, खांब हलत नाहीत. नंतर सुचलेली मोठी खोली मधला खांब कापूनच मिळते. मोकळी जागा कोठे हवी हे आधी ठरले, तर जाड तुळई नेमकी तेथेच घालता येते आणि खर्चही आवरतो.

सागवान आज शिक्षक-कारकुनांच्या आवाक्यात क्वचितच असते. पण सिमेंटच्या इमारतीलाही खांब-तुळयांचा सांगाडाच असतो. तरीही दिवाणखाना आणि दोन शयनगृहे हा एकच साचा सर्वांच्या माथी मारला जातो, आणि आपण तो निमूटपणे स्वीकारतो. दोष लाकडाच्या अभावाचा नाही; आपण कसे जगतो हा प्रश्न न विचारण्याचा आहे.